सुट्टीवर जागं कोणी राहायचं?

बेटावरच्या सुट्टीच्या जाहिरातीतली माणसं बहुतेक वेळा झोपलेली असतात. दोन माडांमध्ये बांधलेल्या झोळीत, पांढऱ्या वाळूत, नाहीतर पाण्यावर तरंगणाऱ्या गादीवर. अशा चित्रात जीवरक्षकाचा मनोरा कधी येत नाही. लाल-पिवळा झेंडा येत नाही, त्सुनामी आल्यास कुठल्या दिशेला पळायचं ते सांगणारी पाटी येत नाही, बोटीच्या बाकाखाली कोंबलेली लाइफ जॅकेटं तर नाहीच नाही. छायाचित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तेवढंच टिपायला सांगितलेलं असतं. अडचण अशी की चौकटीत आलं तेवढंच बेट, असं आपण धरून चालतो. पैसेही त्या चौकटीचेच भरतो.

मग निघायच्या आधी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वर्षभर राबतोय, तिथे तरी डोकं बाजूला ठेवू दे." दुसऱ्याने तोवर विषारी माशांपासून पाकीटमारांपर्यंत सगळ्यांची यादी जमवलेली असते आणि विमानतळापासूनच तो ती वाचून दाखवायला लागतो. पहिल्याबरोबर जाण्यात धोका आहे, दुसऱ्याबरोबर जाणं ही शिक्षा आहे. भांडण कितीही झालं तरी दोघांची मूळ समजूत मात्र एकच: सावधपणा वाढला की तेवढा आराम कमी होतो. मला ही समजूतच चुकीची वाटते.

आपण घरी निर्धास्त झोपतो, ते काही फार धीट असतो म्हणून नव्हे. रात्री कोणता रस्ता टाळायचा, कुठल्या वळणावर गाड्या अंगावर येतात, अडीनडीला कोणाचं दार वाजवायचं, हे आपल्याला आठवावं लागत नाही इतकं मुरलेलं असतं. आपली भाषा बोलणारी माणसं आजूबाजूला असतात आणि काही विपरीत दिसलं तर ती आपल्याला सांगतात. म्हणजे घरच्या निर्धास्तपणामागे बरीच राखण असते. काही आपणच पूर्वी करून ठेवलेली, काही दुसरे आपल्यासाठी करत असलेली. अनोळखी बेटावर उतरलो की ही सगळी तजवीज मागे राहते. समोर उरते ती शांतता, आणि शांत आहे म्हणजे सुरक्षित आहे असा आपला ग्रह होतो. त्यामुळे सुट्टीत किती सावध राहायचं यापेक्षा कोणी राहायचं आणि केव्हा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तो एकट्या पर्यटकाने सोडवायचाही नाही.

इंडोनेशियातल्या सुमात्राच्या पश्चिमेला सिमुलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथे मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत घुसला आणि पुष्कळ माणसं गेली. तिथले लोक त्या लाटेला 'स्मोंग' म्हणतात. वाचलेल्यांनी ती हकिगत पुढच्या पिढ्यांना सांगितली, गाण्यांत घातली, अंगाईत घातली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर काही न घेता डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचं केंद्र या बेटापासून अगदी जवळ होतं. लाट यायला जेमतेम दहा मिनिटं मिळाली असतील. भोंगा नव्हता, मोबाइलवर संदेश नव्हता. बेटाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती आणि त्सुनामीत तिथे दगावले ते सात जण.

त्याच सकाळी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि तिथल्या बेटांवर तीच लाट पोहोचायला दोन तासांच्या आसपास वेळ लागला. तिथे सुमारे ५,४०० माणसं मेली आणि त्यांत जवळपास निम्मे परदेशी पाहुणे होते. जिथे वेळ जास्त मिळाला तिथे माणसं जास्त गेली, कारण समुद्र मागे हटल्यावर त्याचा अर्थ काय हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. काही जण तर उघड्या पडलेल्या तळावरचे मासे आणि शिंपले बघायला पुढे गेले. फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर मात्र टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर आली होती. पाण्याला आलेला चमत्कारिक फेस बघून तिला दोन आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला, आणि तिने इतका आरडाओरडा केला की मोठ्यांना ऐकावं लागलं. किनारा रिकामा झाला, शंभराच्या आसपास माणसं वाचली.

सिमुलुएचे लोक त्या शंभर वर्षांत काही समुद्राकडे डोळे लावून दिवस-रात्र बसले नव्हते. ते मासे पकडत होते, लग्नकार्यं करत होते, पोरं ती अंगाई ऐकत झोपी जात होती. जी गोष्ट ऐकून मूल झोपतं तीच गोष्ट वेळ आली की त्याला पळायला लावते. सावधपणा आधीच करून ठेवला असला की त्याचं ओझं कसं राहत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला ही अंगाई कोणी ऐकवलेली नसते. त्याला स्वागताचा हार मिळतो, थंडगार पेय मिळतं, वायफायचा पासवर्ड मिळतो.

आता नेहमीच्या धोक्यांकडे येऊ. त्सुनामी रोज येत नाही आणि तिच्याच भीतीने बेटावर जायचं टाळणं वेडेपणाचं आहे. गंमत अशी की आपण घाबरतो तेही भलत्याच गोष्टींना. शार्कचंच घ्या. डिवचलेलं नसताना शार्कने माणसाला चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात आणि त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. बुडून मरणारे मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात तीन लाख होते. त्यांतले बहुतेक पर्यटक नव्हेत हे कबूल. नद्या, विहिरी, पूर, मासेमारी हे सगळं त्यात आलं. पण फक्त पर्यटकांपुरतं बघितलं तरी चित्र फार बदलत नाही. हवाई बेटांवर बाहेरून आलेल्यांच्या अपघाती मृत्यूंत बुडण्याचा क्रमांक पहिला आहे आणि त्यात मोठा वाटा आहे तो स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघण्याचा, ज्याला आपण समुद्रातला सगळ्यात सौम्य खेळ समजतो.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्नॉर्केल करणारा माणूस पालथा तरंगतो, तोंड पाण्यात, पाठ आभाळाकडे, हातपाय सैल. आणि बेशुद्ध पडलेला माणूसही अगदी तसाच दिसतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं, काय रमलाय बघा. हवाईतच झालेल्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट आणखी अस्वस्थ करणारी आहे: सगळेच जण नाकातोंडात पाणी जाऊन बुडत नाहीत. नळीतून श्वास ओढायला जोर लागतो. त्यात हृदयाचं जुनं दुखणं असलं, वय झालेलं असलं, तर फुप्फुसांत आतूनच पाणी साठू शकतं आणि माणूस हातपाय न झाडता गळून जातो. म्हणून पहिल्या दिवशी पाय टेकतील एवढ्याच पाण्यात नळी लावून बघावी आणि दम लागल्यासारखं वाटलं की मास्क काढून उभं राहावं. "जरा सवय होऊ दे" म्हणत पुढे जाऊ नये. अशा वेळी जोडीदाराने हाताच्या अंतरावर असायला हवं. किनाऱ्यावर टॉवेल धरून बसलेल्या जोडीदाराचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट रिप करंटची. लाटा वाळूच्या बांधावरून पाणी आत ढकलतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि बांधाला जिथे खिंडार असेल तिथून एकवटून समुद्राकडे धावतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. आजूबाजूला पांढरा फेस उसळत असतो आणि मध्ये एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो. लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप नेमका तोच पट्टा निवडतात, कारण तिथे पाणी सगळ्यात शांत दिसतं. तिथला ओढा एरवी साधारणच असतो, पण कधीकधी त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकचे पोहणारेही एवढ्या वेगाशी झुंजू शकत नाहीत, मग आपण कोण? हा ओढा खाली खेचत नाही, बाहेर नेतो. जीव जातो तो बहुधा किनाऱ्याच्या दिशेने उलटं पोहून दमल्यामुळे. तरंगत राहणं, हात वर करून बोलावणं आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकून त्या पट्ट्यातून बाहेर पडणं, एवढंच करायचं असतं. प्रवाळी बेटांवर हाच खेळ प्रवाळाच्या भिंतीतल्या वाटांमधून चालतो. ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी त्या वाटांनी बाहेर सुटतं. पाण्यात उतरण्याआधी उंचशा जागी दहा मिनिटं नुसतं बसून समुद्र बघितला तर यातलं पुष्कळसं डोळ्यांनी दिसतं. आणि दहा मिनिटं समुद्राकडे बघत बसण्यासाठीच तर माणूस बेटावर गेलेला असतो.

आता घरातल्या वाटणीचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. चार मोठी माणसं आणि तीन मुलं किनाऱ्यावर बसली आहेत. मुलांवर लक्ष कोणाचं? उत्तर येतं, "सगळ्यांचंच." म्हणजे कोणाचंच नाही, किंवा मग एकाच बाईचं. बहुतेक घरांत ती आई असते. बाकीचे डुलक्या काढतात, ती पुस्तक उघडून बसते आणि एका पानावरच राहते. दर अर्ध्या मिनिटाने मान वर होते आणि डोकी मोजली जातात. सुट्टी संपवून सगळे ताजेतवाने होऊन येतात, ती दमून येते. आणि ती दोन मिनिटं कोरडे कपडे आणायला खोलीवर गेली, तर ती बघत नाहीये हे कोणाच्याच गावी नसतं.

आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचं चित्रण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वासच जेमतेम घेता येतो, हाक कुठून मारणार? हात वर येत नाहीत, ते आपोआप आडवे होऊन पाण्यावर दाब देत राहतात. हे सगळं वीस ते साठ सेकंदांत आटोपतं. मोबाइलवर आलेला एक विनोद वाचून हसून पुढे पाठवायलाही एवढाच वेळ लागतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: पाळी लावायची. एक माणूस, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात फोन नाही, पुस्तक नाही, ग्लास नाही, डोळे पाण्यावर. पाळी संपली की पुढच्याला तोंडाने सांगायचं, "आता तू," आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. हे वाचायला लष्करी वाटतं, पण यामुळे आराम वाढतो. कारण उरलेल्या तिघांना त्या अर्ध्या तासात खरोखर झोपता येतं, आणि आईला पुस्तकाचं पान उलटता येतं. सगळ्यांनी थोडं थोडं लक्ष ठेवायचं या पद्धतीत कोणालाच धड विश्रांती मिळत नाही आणि मुलंही राखली जात नाहीत. आमच्या ओळखीत हा प्रस्ताव मांडला की पुरुषमंडळी आधी हसतात आणि मग स्वतःच्या पाळीत दहाव्या मिनिटाला किती कंटाळा येतो ते त्यांना कळतं. आई हे काम आठवडाभर करत होती, हेही तेव्हाच कळतं.

इथपर्यंतचं आपल्या हातात होतं. पण काही धोके असे आहेत जिथे माणूस कितीही जागा असला तरी पुरत नाही. मिथेनॉलची, म्हणजे दारूसारख्याच दिसणाऱ्या पण विषारी अल्कोहोलची भेसळ असलेली दारू हे त्याचं उत्तम उदाहरण. २००९ मध्ये बाली आणि लोंबोक भागात मिथेनॉल मिसळलेल्या स्थानिक दारूने पंचवीसच्या आसपास माणसं मेली, त्यांत परदेशी पाहुणेही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात सहा परदेशी पर्यटक अशाच विषबाधेने गेले. ते बेट नव्हे, पण बाजार तोच. मिथेनॉलची चव वेगळी कळत नाही, वास कळत नाही. त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होतो आणि तोही डोकेदुखी, मळमळ असा, म्हणजे आदल्या रात्रीची उतरतेय असंच वाटतं. डोळ्यांपुढे धुकं यायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. रुग्णालयात वेळेवर पोहोचलं तर त्यावर उतारा आहे. आपण फार तर एवढं करू शकतो की सीलबंद बाटली समोर उघडून घ्यायची, फुकटात फिरवल्या जाणाऱ्या पेल्यांना हात लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी धूसर दिसलं तर झोपून न राहता रुग्णालय गाठायचं. पण पेल्यात काय आहे हे ओळखण्याची जबाबदारी पिणाऱ्यावर टाकणं हा शुद्ध कांगावा आहे. ते काम तपासणी करणाऱ्या सरकारचं आणि दुकानदाराचं.

बोटींचंही तेच. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ पर्यटकांची एक बोट वादळात बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक मृत्युमुखी पडले. खराब हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. अशा वेळी लोक म्हणतात, "इशारा होता तर गेले कशाला?" धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघा. पैसे आधी भरलेले असतात, ते परत मिळणार नाहीत असं पावतीवर छापलेलं असतं, परतीचं विमान परवा असतं, मुलं उड्या मारत असतात आणि बोटवाला म्हणतो, "रोजचंच आहे हे." त्या माणसाने समुद्र वाचायचा? एका सहलीत मी बोटीत लाइफ जॅकेटं मागितली. ती होती, नाही असं नाही. पण सगळी एका नायलॉनच्या दोरीने गठ्ठा बांधून बाकाखाली सरकवलेली, गाठ खाऱ्या हवेने दगड झालेली. खलाशाने ती दातांनी सोडवली, अगदी हसतमुखाने. शेवटी बाहेर निघाली ती सगळी मोठ्यांच्या मापाची. समोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलीला त्यातलं एक घातलं तर ती खालून सरकून बाहेर आली आणि सगळे हसले. तपासनीस आला असता तर कागदावर ती बोट सुरक्षितच ठरली असती.

हवामान खात्याचा इशारा लागला की बोटी आपोआप बंद आणि पैसे आपोआप परत, असा नियम असला तर धक्क्यावर कोणाला जुगार खेळावा लागणार नाही. बोटवाल्यालाही नाही; त्याचं पोट त्या फेरीवर असतं, हे विसरून चालणार नाही. नियम नसला की प्रामाणिक बोटवाला घरी बसतो आणि बेफिकीर बोटवाला त्याचं गिऱ्हाईक नेतो.

स्कूटरचा विषय मी लवकर आटोपतो, कारण त्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी करत काही नाही. घरी कधी दुचाकीला हात न लावलेला माणूस बेटावर चड्डी-चपलांत स्कूटर घेतो, हेल्मेट डोक्यावर डुगडुगत असतं आणि वळणावर वाऱ्याने आणलेली वाळू पसरलेली असते. चारचाकीपुरता असलेला आंतरराष्ट्रीय परवाना दुचाकीला चालत नाही, आणि योग्य परवाना नसला की प्रवास विमा हात वर करतो. स्कूटरवाला अनामत म्हणून पासपोर्ट मागतो. तो देऊ नये. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लागणारी पहिली वस्तू तीच असते.

एकट्या फिरणाऱ्या बायकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांबद्दलही थोडं. त्या सल्ल्यांची क्रियापदं बघा: फिरू नका, पिऊ नका, बोलू नका, घालू नका. प्रत्येक वाक्यात काम तिचं. खोलीच्या दाराला आतून नीट कडी असावी, स्वागतकक्षात खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारू नये, किनाऱ्याकडून खोलीकडे येणाऱ्या वाटेवर दिवे असावेत, रात्री नेणाऱ्या वाहनाची नोंद राहावी, ही कामं हॉटेलची आहेत आणि फार खर्चाचीही नाहीत. ती झाली तर तिच्या यादीतले निम्मे "नका" गळून पडतील.

यावर पर्यटन व्यवसायाचं ठरलेलं उत्तर असतं: लोक घाबरतील, येणार नाहीत, बेटावरच्या माणसांचं पोट मारलं जाईल. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण एका वाईट बातमीने अख्खा हंगाम बुडालेला लोकांनी पाहिला आहे. पण तो हंगाम बुडवते ती दुर्घटना. सूचनेची पाटी कोणाला पळवून लावत नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा इशारा देणाऱ्या पाट्या किनाऱ्यांवर आहेत आणि तरी माणसं तिथे हौसेने जातात. प्रवाळ आणि पाणी वाचवण्यासाठी थायलंडने माया बे हा प्रसिद्ध किनारा २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद ठेवला. फिलिपिन्सने २०१८ मध्येच बोराकाय हे अख्खं बेट सहा महिने बंद केलं. उघडल्यावर गर्दी परत आली. पलाऊ या चिमुकल्या देशाने तर २०१७ च्या डिसेंबरपासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याची प्रतिज्ञा छापायला आणि त्याखाली पाहुण्याची सही घ्यायला सुरुवात केली. सही करावी लागते म्हणून कोणी विमानातून परत गेल्याचं ऐकिवात नाही. माशांसाठी पाहुण्याला दोन मिनिटं थांबवता येतं, तर पाहुण्यासाठीही थांबवता येईल.

काही ठिकाणी हे होतंही. हवाईच्या काउआई बेटावर किनाऱ्यालगत खांबांवर तरंगणाऱ्या रेस्क्यू ट्यूब टांगून ठेवल्या आहेत. बुडणाऱ्याला वाचवायला धावलेला माणूसच बुडतो, ही गोष्ट इतक्या वेळा घडते की किमान त्याच्या हातात काहीतरी तरंगणारं असावं, एवढाच साधा विचार त्यामागे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात जेलीफिशच्या हंगामात किनाऱ्यावरच व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, कारण बॉक्स जेलीफिशच्या दंशावर पहिल्यांदा तेच ओतायचं असतं. लाल आणि पिवळा असा अर्धा-अर्धा झेंडा म्हणजे दोन झेंड्यांमधल्या जागेवर जीवरक्षकाची नजर आहे, ही खूण बऱ्याच देशांत तीच आहे. ती एकदा शिकून घेतली की निम्मं काम होतं, पण झेंडा लावायला आधी जीवरक्षक नेमावा लागतो.

तोवर पाहुण्याने काय करायचं? माझं मत असं की चिंतेला एक संध्याकाळ द्यावी, पहिली, आणि ती सगळी तिथेच उरकावी. तशीही त्या दिवशी प्रवासाने माणूस आंबलेला असतो. उंच जागा कुठे आहे आणि खोलीपासून चालत किती वेळ लागतो ते पायांनी बघून यायचं. जवळचं रुग्णालय याच बेटावर आहे की बोटीने पलीकडे, हे विचारायचं. पलीकडे असलं तर विम्यात तिथवर नेण्याचा खर्च धरलाय का ते पाहायचं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी मारणार असू तर परतीच्या विमानाआधीचे किमान अठरा तास बुडीविना ठेवायचे, हे तेव्हाच दिनदर्शिकेत मांडायचं. डेंग्यूचा डास रात्रीपेक्षा सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त चावतो, तेव्हा मच्छरदाणीच्या भरवशावर राहायचं नाही. ढग आहेत म्हणून ऊन लागणार नाही या भ्रमातही राहायचं नाही. हॉटेलातल्या सफाई करणाऱ्या किंवा बागेत काम करणाऱ्या माणसाला विचारायचं, "तुमची मुलं कुठे पोहतात?" स्वागतकक्षापेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं. एवढं झालं की यादी मिटवून टाकायची आणि यादीवाल्या नातेवाइकालाही मिटायला सांगायचं. उरलेले दिवस पाळ्या लावून झोपायचं.

आणि परत आल्यावर हॉटेलला तारे देताना जरा हात आखडता घ्यावा. तिथे स्वच्छतेला रकाना असतो, नाश्त्याला असतो, खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याला असतो. किनारा राखणाऱ्या माणसाला रकाना नसतो. पण खाली मोकळी चौकट असते आणि ती व्यवस्थापक रोज सकाळी वाचतो, पुढचं गिऱ्हाईकही वाचतं. तिथे सूर्यास्ताचं वर्णन झाल्यावर दोन ओळी आणखी लिहाव्यात: "किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हता. सहलीच्या बोटीत लहान मुलांच्या मापाचं एकही लाइफ जॅकेट नव्हतं."